देहासह स्तुती : बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड



१७ सप्टेंबर हा बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांचा स्मृतिदिन. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी हा दिवस सबंध ख्रिस्तसभेच्या उपासना-दिनदर्शिकेत समाविष्ट केला. बाराव्या शतकातील ही जर्मन धर्मभगिनी आपल्याकडे संत तेरेजा किंवा संत कॅथरीन यांच्याइतकी परिचित नाही. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र थोडे विस्ताराने देत आहोत.

हे चरित्र निवडण्यामागे आमचा आणखी एक हेतू आहे. रविवारच्या मिस्सात आपण उभे राहतो, बसतो, गुडघे टेकतो, क्रूसाची खूण करतो, छातीवर हात ठेवतो, शेजाऱ्याला शांतीचा नमस्कार करतो. तासाभरात आपला देह कितीतरी वेळा काही ना काही बोलत असतो. सवयीमुळे आपले तिकडे लक्ष जात नाही इतकेच. गेल्या काही दशकांत ख्रिस्तसभेतील अभ्यासू स्त्रियांनी या गोष्टीकडे पुन्हा लक्ष वेधले. उपासनेत कोण कुठे उभे राहते, कोणाचा आवाज ऐकू येतो, कोणाचे डोके झाकलेले असते, कोणाला वेदीजवळ जाता येते आणि कोणाला मागेच थांबावे लागते, असे प्रश्न त्यांनी विचारले. या प्रश्नांचा शोध घेताना त्यांच्यापैकी अनेकजणी हिल्डेगार्ड यांच्यापाशी येऊन थांबल्या. हिल्डेगार्ड यांना आजच्या अर्थाने स्त्रीवादी म्हणता येणार नाही. तो शब्दच त्यांच्या काळात नव्हता. परंतु हे सर्व प्रश्न त्यांच्या मठात प्रत्यक्ष उभे राहिले, आणि त्यांना त्यांची उत्तरे द्यावी लागली.

बंद दारामागचे बालपण

हिल्डेगार्डचा जन्म १०९८ साली ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात एका सरदार घराण्यात झाला. वडिलांचे नाव हिल्डेबर्ट, आईचे मेख्टहिल्ड. ती त्यांचे दहावे अपत्य, असे परंपरा सांगते. पोर लहानपणापासून आजारी असे. अगदी कोवळ्या वयात तिला एक विलक्षण प्रकाश दिसू लागला. हा प्रकाश इतरांना दिसत नाही हे कळल्यावर ती त्याविषयी बोलेनाशी झाली.

आईवडिलांनी तिला देवाला वाहिले. युटा नावाच्या सरदारकन्येच्या हाती तिला सोपवण्यात आले. १ नोव्हेंबर १११२ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, युटा आणि तिच्याबरोबर चौदा वर्षांची हिल्डेगार्ड यांना डिसिबोडेनबर्ग येथील बेनेडिक्टाइन मठाला लागून असलेल्या एका निवासात कोंडून घेण्यात आले. कोंडून घेणे हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरत आहोत. तो विधी अंत्यविधीसारखा असे. आत जाणारी स्त्री जगाला मेली असे मानले जाई, आणि बाहेरच्या जगाशी संबंध उरे तो एका खिडकीपुरता.

शेजारी पुरुषांचा मोठा मठ होता. तेथील संन्यासी दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा मंदिरात जमून स्तोत्रे गात. आतल्या मुली त्या सुरांच्या सोबतीने वाढल्या. युटाने हिल्डेगार्डला स्तोत्रसंहिता शिकवली आणि दहा तारांचे वाद्य वाजवायला शिकवले. बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे प्रार्थना म्हणजे नुसते शब्द नसतात. स्तोत्रासाठी उभे राहायचे, पवित्र त्रैक्याच्या गौरवाला लवायचे, पश्चात्तापासाठी जमिनीवर पालथे पडायचे, हे सारे त्या नियमाचा भाग असते. लहानशा जागेत हिल्डेगार्डच्या देहाला ही भाषा वर्षानुवर्षे वळण देत होती.

११३६ साली युटा वारल्या. तोपर्यंत त्या निवासाचा एक छोटा स्त्री-मठ झाला होता. भगिनींनी एकमताने हिल्डेगार्ड यांना आपली प्रमुख निवडले. त्या वेळी त्या अडतीस वर्षांच्या होत्या.

लिही, असा आदेश

११४१ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, हिल्डेगार्ड यांना पुन्हा तो प्रकाश दिसला. या वेळी त्यासोबत जे पाहतेस आणि ऐकतेस ते लिहून काढ असा आदेश होता. त्या घाबरल्या. लोक काय म्हणतील ही भीती होती, आणि स्त्रीने धर्मविषयक ग्रंथ लिहावा ही कल्पनाच त्या काळी परकी होती. त्या अंथरुणाला खिळल्या. अखेर फोल्मार नावाच्या संन्याशाच्या मदतीने त्यांनी लेखणी हाती घेतली. रिखार्डिस नावाची तरुण भगिनीही मदतीला होती. दहा वर्षे चाललेले ते काम म्हणजे 'स्किव्हियास' हा ग्रंथ. देवाचे मार्ग जाणून घे, असा त्या नावाचा आशय आहे.

ग्रंथ पूर्ण होण्याआधीच त्याची वार्ता पोप यूजीन तिसरे यांच्यापर्यंत पोहोचली. ११४७-४८ साली ट्रियर येथे धर्मसभा भरली होती. पोपमहोदयांनी हिल्डेगार्ड यांच्या लिखाणाची चौकशी करवली, त्यातील भाग ऐकला आणि त्यांना लिहीत राहण्याची अनुमती दिली. क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनीही त्यांची बाजू घेतली. एका खिडकीमागे वाढलेल्या स्त्रीचा शब्द आता सबंध ख्रिस्तसभेत ऐकला जाऊ लागला.

हलवता न आलेला देह

मान्यता मिळाली तशी मठात येणाऱ्या मुलींची संख्या वाढली. जागा अपुरी पडू लागली. हिल्डेगार्ड यांनी बिंगेनजवळ रूपर्ट्सबर्ग येथे स्वतंत्र मठ बांधण्याचे ठरवले. मठाधिपती कूनो यांनी याला साफ नकार दिला. हिल्डेगार्ड यांच्यामुळे डिसिबोडेनबर्गला नाव मिळाले होते. भगिनींनी सोबत आणलेली मालमत्ताही त्यांच्याबरोबर जाणार होती.

हिल्डेगार्ड यांच्यापाशी अधिकार नव्हता. त्या पुन्हा अंथरुणाला खिळल्या. त्यांचे जुने चरित्र सांगते की, त्यांचे शरीर दगडासारखे जड झाले. कूनो स्वतः आले आणि त्यांनी हिल्डेगार्ड यांचे डोके उचलून पाहिले, त्यांना कुशीवर वळवून पाहिले, पण ते जमेना. हे नुसते दुखणे नाही, यात देवाचा हात आहे असे म्हणून अखेर त्यांनी परवानगी दिली.

आजचे अभ्यासक या प्रसंगाकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात. कोणी त्याला आजार म्हणतात, कोणी निग्रह. जिला सभेत मत नव्हते त्या स्त्रीचा देहच तिचे म्हणणे मांडू लागला, हे स्त्रीवादी अभ्यासकांचे निरीक्षण आम्हांला विचार करण्यासारखे वाटते. ११५० च्या सुमारास हिल्डेगार्ड सुमारे वीस भगिनींसह रूपर्ट्सबर्गला आल्या. सुरुवातीचे दिवस हालाचे होते. सुखवस्तू घरांतील काही मुली कंटाळून निघून गेल्या. रिखार्डिसलाही दुसऱ्या मठाची प्रमुख म्हणून बोलावणे आले. हिल्डेगार्ड यांनी तिला थांबवण्यासाठी आर्चबिशपपासून थेट पोपपर्यंत सर्वांकडे धाव घेतली, पण उपयोग झाला नाही. रिखार्डिस गेली आणि ११५२ साली तिचे निधन झाले. संतांनाही ओढ असते, दुःख असते आणि हट्टही असतो, हे या प्रसंगातून दिसते.

मोकळे केस आणि सोनेरी मुकुट

रूपर्ट्सबर्गच्या भगिनी सणाच्या दिवशी कशा प्रार्थना करीत, हे आपल्याला एका टीकेमुळे ठाऊक आहे. आंडरनाख येथील मठाच्या प्रमुख टेन्क्सविंड यांनी हिल्डेगार्ड यांना एक पत्र लिहिले. भाषा आदराची होती, पण आशय बोचरा होता. सणावारी तुमच्या भगिनी केस मोकळे सोडून स्तोत्रे गात उभ्या राहतात, जमिनीपर्यंत लोळणारी पांढरी रेशमी वस्त्रे डोक्यावरून घेतात, बोटांत सोन्याच्या अंगठ्या घालतात, आणि त्यांच्या माथ्यावर सोन्याचे नक्षीदार मुकुट असतात, असे आमच्या कानी आले आहे, असे त्यांनी लिहिले. मुकुटांच्या बाजूंना क्रूस आणि पुढे कपाळावर कोकराची आकृती असते, हेही त्यांनी ऐकले होते. स्त्रियांनी साधेपणाने राहावे असे प्रेषितांनी सांगितले असताना हे कसे चालते, असा त्यांचा प्रश्न होता.

पत्रात दुसराही प्रश्न होता. तुम्ही केवळ श्रीमंत आणि कुलीन घरांतील मुलींनाच मठात घेता, असे टेन्क्सविंड यांनी विचारले. प्रभूने तर कोळी आणि गोरगरीब यांना निवडले होते.

पहिल्या प्रश्नाला हिल्डेगार्ड यांनी दिलेले उत्तर फार महत्त्वाचे आहे. त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा : देवाने स्त्री घडवली तेव्हा तिच्या रूपात त्याचे तेज होते. पापामुळे त्या तेजावर सावली आली. विवाहित स्त्रीने डोके झाकावे, दागिन्यांचा सोस करू नये, हा नियम तिच्यासाठी आहे. जिने स्वतःला ख्रिस्ताला वाहिले ती मात्र एदेन बागेतील त्या पहिल्या निर्मळ अवस्थेत उभी आहे. तिला केस लपवण्याचे कारण नाही. प्रकटीकरणाच्या ग्रंथात ज्यांच्या कपाळावर देवाचे नाव लिहिले आहे आणि जे कोकरू जाईल तिकडे त्याच्यामागे जातात, त्यांचे वर्णन आहे. रूपर्ट्सबर्गच्या भगिनी सणाच्या दिवशी ते वर्णन आपल्या अंगावर धारण करीत होत्या. 'स्किव्हियास' ग्रंथातील एका दर्शनात हिल्डेगार्ड यांनी मुकुट घातलेल्या कुमारिका पाहिल्या होत्या. तेच दृश्य त्यांनी मंदिरात उभे केले.

त्या काळी स्त्रीच्या देहाकडे मोहाचे कारण म्हणून पाहण्याची सवय होती. मोकळे केस म्हणजे तर सैल वागण्याची खूण. हिल्डेगार्ड यांनी तेच केस देवाच्या स्तुतीत आणले आणि ती निर्मळतेची खूण आहे असे सांगितले. स्त्रीचा देह देवासमोर उभा राहण्यास योग्य आहे, हे त्यांनी भगिनींच्या उभे राहण्यातून दाखवले.

तरीही दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. पहिली अशी की, हा सन्मान त्यांनी व्रतस्थ कुमारिकांपुरता ठेवला. घरसंसार करणाऱ्या आईला त्यात जागा नव्हती. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. गरीब मुलींना मठात का घेत नाही, या प्रश्नावर हिल्डेगार्ड यांचे उत्तर असे की, निरनिराळी जनावरे कोणी एका गोठ्यात बांधत नाही. उच्च-नीच दर्जा देवानेच ठरवला आहे, अशी त्यांची समजूत होती. ज्या समाजाने जातीचा जाच पाहिला आहे, त्याला हे उत्तर पटणार नाही, आणि पटूही नये. या प्रश्नावर टेन्क्सविंड शुभवर्तमानाच्या अधिक जवळ होत्या, असे आम्हांला वाटते. उपासनेत कोण उभे राहू शकते, हा प्रश्न स्त्री-पुरुषांपुरताच नसतो, तो गरीब-श्रीमंतांचाही असतो.

सैतानाला गाता येत नाही

११५१ च्या सुमारास हिल्डेगार्ड यांनी भगिनींसाठी एक संगीत नाटक रचले. त्याचे नाव 'ओर्दो व्हिर्तुतुम', म्हणजे सद्गुणांचे नाट्य. अशा प्रकारच्या ज्या नाटकांचे लेखक आणि संगीतकार ठाऊक आहेत, त्यांत हे सर्वांत जुने मानले जाते. यात ऐंशीच्या आसपास गीते आहेत. नम्रता ही सद्गुणांची राणी. तिच्यासोबत प्रीती, श्रद्धा, आशा, आज्ञापालन, दया, सहनशीलता, शुद्धता, विजय अशा सख्या आहेत.

कथा साधी आहे. एक आत्मा सद्गुणांच्या सोबतीने निघतो. देवाने दिलेले वस्त्र त्याला जड वाटू लागते. सैतान त्याला जगाच्या सुखाची लालूच दाखवतो. आत्मा वस्त्र टाकून निघून जातो. काही काळाने तोच आत्मा जखमी होऊन, रडत परत येतो. त्याला उभे राहण्याचे बळ नसते. सद्गुण त्याला बोलावतात, धीर देतात, उठवून उभे करतात. सैतान पुन्हा झडप घालतो, तेव्हा सर्व सख्या मिळून त्याला साखळदंडाने बांधतात.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सर्व पात्रे गातात, फक्त सैतान गात नाही. तो ओरडतो. ज्याने देवाशी नाते तोडले त्याच्या गळ्यात सूर राहत नाही, असा हिल्डेगार्ड यांचा विचार होता.

आता हे नाटक करणाऱ्या भगिनी डोळ्यांसमोर आणा. सद्गुणांच्या भूमिका स्त्रियांच्या. पडलेल्याला हात देऊन उठवणाऱ्या स्त्रिया. सैतानाला बांधणाऱ्या स्त्रिया. बाहेरच्या जगात स्त्री ही एव्हेची लेक, जिच्यामुळे पाप आले ती, असे सांगितले जात असताना या मठात स्त्रिया पापाला जेरबंद करताना दिसत होत्या. शेवटी सर्वांना गुडघे टेकण्याचे आवाहन आहे, म्हणजे पिता आपला हात पुढे करील. माणूस वाकतो तेव्हा देव हात देतो. गुडघे टेकणे म्हणजे हार पत्करणे नव्हे, हे या शेवटात किती सहज सांगितले आहे!

याशिवाय हिल्डेगार्ड यांनी सत्तरहून अधिक उपासना-गीते रचली. पवित्र मरियेवर, पवित्र आत्म्यावर, संतांवर ती आहेत. त्यांच्या चाली त्या काळच्या सामान्य गायनापेक्षा मोठ्या पल्ल्याच्या आहेत, सूर एकदम वर चढतो आणि खाली येतो. गाणाऱ्या व्यक्तीला पूर्ण श्वास घ्यावा लागतो, छाती भरून घ्यावी लागते. गाणे हे केवळ गळ्याचे काम राहत नाही.

मठाबाहेर

साठीच्या उंबरठ्यावर, ११५८ च्या सुमारास, हिल्डेगार्ड प्रवासाला निघाल्या. पुढच्या बारा-तेरा वर्षांत त्यांनी चार मोठे दौरे केले. ११६० साली पेन्टेकॉस्टच्या सणाला ट्रियर येथे त्या लोकांपुढे बोलल्या. कोलोन येथे त्यांनी धर्मगुरूंच्या आळसाबद्दल धर्मगुरूंनाच खडे बोल सुनावले. स्त्रीने सार्वजनिक ठिकाणी उभे राहून उपदेश करणे तेव्हा फार दुर्मीळ होते. त्यांनी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा यांनाही पत्रे लिहिली. वनस्पती, रोग आणि औषधोपचार यांवरही त्यांनी लिखाण केले. ११६५ साली ऱ्हाइन नदीपलीकडे आयबिंगेन येथे त्यांनी दुसरा मठ सुरू केला, आणि आठवड्यातून दोनदा त्या होडीने नदी ओलांडून तिकडे जात.

एवढे असूनही स्त्रियांनी धर्मगुरू व्हावे असे त्यांनी कधी म्हटले नाही, उलट आपल्या ग्रंथात त्याविरुद्ध लिहिले. स्वतःला त्या नेहमी एक दुबळी स्त्री म्हणवीत. त्यांना आपल्या आजच्या मतांच्या बाजूने उभे करणे बरे नव्हे. त्यांचे म्हणणे त्यांच्या काळात ठेवूनच ऐकायला हवे.

एक थडगे आणि बंद झालेले गाणे

हिल्डेगार्ड ऐंशी वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांच्यावर सर्वांत मोठे संकट आले. ११७८ साली एका सरदाराला रूपर्ट्सबर्गच्या आवारात पुरण्यात आले. तो एकेकाळी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होता. परंतु मरणापूर्वी त्याचा समेट झाला होता आणि त्याला संस्कार मिळाले होते, हे हिल्डेगार्ड यांना ठाऊक होते. माइन्सचे आर्चबिशप ख्रिश्चन तेव्हा इटलीत होते. त्यांच्या गैरहजेरीत तेथील वरिष्ठ धर्मगुरूंनी हुकूम काढला की, ते प्रेत उकरून बाहेर टाकावे, नाहीतर मठावर बंदी येईल.

हिल्डेगार्ड यांनी प्रेत उकरण्यास नकार दिला. पुढे त्यांच्या संतपदासाठी झालेल्या चौकशीत सांगण्यात आले की, त्या काठी घेऊन थडग्यापाशी गेल्या, त्यावर क्रूसाची खूण केली आणि ते थडगे कोणालाही ओळखू येऊ नये असे करून टाकले. ऐंशी वर्षांच्या वृद्धेची ती एक कृती. देवाने ज्याला क्षमा केली त्याला माणसांनी बाहेर फेकू नये, हे त्यांनी त्या काठीने जमिनीवर लिहून ठेवले.

बंदीहुकूम लागू झाला. मठात घंटा वाजायची नाही. मिस्सा व्हायची नाही, ख्रिस्तप्रसाद मिळायचा नाही. स्तुतिप्रार्थना गायची नाही, दारे लावून हलक्या आवाजात पुटपुटायची. जो मठ गाण्यासाठी ओळखला जात होता तो मुका झाला. हिल्डेगार्ड यांनी प्रेताबाबतचा हुकूम मानला नाही, पण बंदी मात्र पाळली. भगिनींना फार दुःख झाले. मग त्यांनी माइन्सच्या धर्मगुरूंना पत्र लिहिले. आपल्या उपासनेविषयी इतके खोल विचार फार थोड्या ठिकाणी सापडतात.

त्यांच्या विचाराचा सारांश असा. पापात पडण्यापूर्वी आदामचा आवाज देवदूतांच्या स्तुतीशी जुळणारा होता. पापामुळे तो सूर हरवला. संदेष्ट्यांनी स्तोत्रे रचली, वाद्ये बनवली, ती माणसाला त्या हरवलेल्या सुराची आठवण यावी म्हणून. वाद्य वाजवताना बोटांची पेरे वाकतात, तेव्हा देवाच्या बोटाने, म्हणजे पवित्र आत्म्याने, आदामला घडवले याची आठवण होते. देह हे आत्म्याचे वस्त्र आहे आणि आत्म्याला जिवंत आवाज आहे. म्हणून आत्म्याबरोबर देहानेही देवाचे गुणगान करणे उचित आहे. सैतानाला माणसाचे गाणे सहन होत नाही, म्हणून तो ते बंद पाडायला पाहतो. तेव्हा ख्रिस्तसभेत ज्यांच्या हाती कुलुपे-किल्ल्या आहेत त्यांनी एखाद्याचे गाणे बंद करण्यापूर्वी फार विचार करावा. पुरेशा कारणाशिवाय स्तुती थांबवणाऱ्यांना स्वर्गातील स्तुतीत वाटा मिळणार नाही, असा इशाराही त्यांनी दिला.

हे पत्र लिहिणारी स्त्री आज्ञाभंग करण्यासाठी लिहीत नव्हती. तिचे ख्रिस्तसभेवर प्रेम होते, म्हणूनच ती अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू शकली. कोलोनचे आर्चबिशप फिलिप मदतीला आले. मृत सरदाराबरोबरच आपल्यालाही पापक्षमा मिळाली होती, अशी साक्ष देणारा एक सरदार त्यांनी पुढे आणला. बरीच पत्रापत्री झाली. अखेर मार्च ११७९ मध्ये आर्चबिशप ख्रिश्चन यांनी बंदी उठवली. मठात पुन्हा गाणे सुरू झाले. त्यानंतर सहाच महिन्यांनी, १७ सप्टेंबर ११७९ रोजी, हिल्डेगार्ड यांनी देह ठेवला.

मृत्यूनंतर

रूपर्ट्सबर्गचा मठ १६३२ साली युद्धात उद्ध्वस्त झाला. आयबिंगेन येथे १९०४ साली बेनेडिक्टाइन भगिनींचे जीवन पुन्हा सुरू झाले. हिल्डेगार्ड यांच्या पवित्र अस्थी आयबिंगेनच्या धर्मग्राम-मंदिरात आहेत. 'स्किव्हियास' ग्रंथाची मूळ सचित्र प्रत दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, नाहीशी झाली. परंतु आयबिंगेनच्या भगिनींनी त्याआधीच, १९२७ ते १९३३ या काळात, ती हाताने चितारून उतरवून घेतली होती. म्हणून ती चित्रे आज आपल्याला रंगांसह पाहता येतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची गीते पुन्हा गाइली जाऊ लागली. 'ओर्दो व्हिर्तुतुम' रंगभूमीवर आले. १९८७ साली अमेरिकेतील अभ्यासक बार्बरा न्यूमन यांनी त्यांच्या स्त्रीविषयक विचारांवर ग्रंथ लिहिला. १० मे २०१२ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांचे संतपद सबंध ख्रिस्तसभेसाठी जाहीर केले आणि ७ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्य हा मान दिला. संत तेरेजा, संत कॅथरीन आणि लिझ्यूच्या संत तेरेजा यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या चौथ्या स्त्री.

आपल्यासाठी

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात भाविकांचा सहभाग म्हणजे काय हे सांगताना उत्तरे आणि गीते यांच्याबरोबरच कृती, हावभाव, देहाची ठेवण आणि मौन यांचाही उल्लेख केला. १९६९ साली रोमने भारतातील ख्रिस्तसभेला अंजली, पंचांग प्रणाम, आरती अशा बारा बाबींची अनुमती दिली. आपण हात जोडून शांती देतो त्यामागे हा निर्णय आहे. १९९४ साली मुलींनी वेदीसेवा करण्यास बिशपांनी परवानगी द्यावी अशी वाट मोकळी झाली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी पवित्र गुरुवारी स्त्रियांचेही पाय धुण्याची तरतूद केली, आणि २०२१ साली वाचक व वेदीसेवक ही पदे स्त्रियांना विधिवत खुली केली.

ही दारे उघडली आहेत, पण त्यांतून कोण चालत जाते हे प्रत्येक धर्मग्रामात आपणच ठरवतो. वाचनासाठी कोणाला बोलावले जाते? अर्पणाच्या मिरवणुकीत नेहमी तेच चेहरे दिसतात काय? मंदिर झाडणाऱ्या, फुले लावणाऱ्या, आरतीचे ताट तयार करणाऱ्या बायकांना कधी पुढे येऊन वाचायला सांगितले जाते काय? गुडघे टेकता न येणाऱ्या आजीला मागच्या बाकावर बसून ओशाळे तर वाटत नाही? नव्याने राहायला आलेले, भाडोत्री खोल्यांतील कुटुंब कुठे बसते? टेन्क्सविंड यांचा प्रश्न आपल्यालाही लागू पडतो.

आणि ज्या भगिनींना वाटते की आपला आवाज चांगला नाही, आपल्याला नीट वाचता येत नाही, आपण मागेच बऱ्या, त्यांना आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो की हिल्डेगार्ड यांनाही असेच वाटत होते. त्यांना लेखणी हाती घ्यायला त्रेचाळीस वर्षे लागली. देवाने त्यांची वाट पाहिली.

येत्या रविवारी उभे राहताना, वाकताना, हात जोडताना घाई करू नका. क्रूसाची खूण कपाळापासून खांद्यापर्यंत पूर्ण करा. गाणे आले की तोंड उघडून गा. देवाने दिलेले हे वस्त्र आपण मरेपर्यंत अंगावर वागवतो. त्याचीही स्तुती देवाला हवी आहे.

संत हिल्डेगार्ड, आम्हांसाठी विनंती कर.